परसात खुराडं बांधताय? आधी रात्रीचा विचार करा

कोंबड्या पाळायचं डोक्यात आलं की बरेच जण आधी कोंबड्याच घेऊन येतात आणि मग ठेवायच्या कुठं म्हणून दोन दिवसांत जुन्या फळ्या, उरलेली जाळी, तुटकं दार असं हाताला लागेल ते ठोकून काहीतरी उभं करतात. क्रम उलटा ठेवा. खुराडं आधी, कडी-कोयंड्यासकट पूर्ण, आणि मगच कोंबड्या. एकदा त्या आल्या की रोजचं दाणापाणी सुरू होतं, अर्धवट राहिलेलं काम अर्धवटच राहतं आणि "ती फट रविवारी बुजवू" असं म्हणता म्हणता महिने जातात. फटीतून जे यायचं असतं ते काही रविवारची वाट बघत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो. खुराडं ही रात्रीची जागा आहे. दिवसा कोंबडी आत थांबतच नाही, अंडं घालायला गेली तर तेवढीच. बाकी दिवसभर ती बाहेर उकरणार, मातीत लोळणार, सावलीत पंख पसरून पडणार. अंधार पडायला लागला की आपणहून आत येते आणि मग सकाळपर्यंत तिला जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे पळणं वगैरे विषयच नाही, आहे तिथं बसून राहते. त्यामुळे प्रत्येक फळी ठोकताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, रात्री दोन वाजता, बाहेर पाऊस चालू आणि आपण गाढ झोपेत असताना इथं काय होईल? लाल छप्पर, खिडकीला कुंड्या, दारावर पाटी, हे सगळं हौस म्हणून नंतर करा, कोणी अडवत नाही, पण पैसे आणि डोकं आधी जाळी, कडी, हवा आणि बसायची दांडी यावर खर्च करा.

किती कोंबड्या, केवढी जागा

कोंबडी कळपात राहणारी आहे, एकटी ठेवू नका, कमीत कमी तीन तरी हव्यात. नवीन माणसाने सहापर्यंत थांबावं असं माझं मत. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे अजूनही बऱ्याच जणांना खरं वाटत नाही पण तसंच आहे, कोंबडा फक्त पिल्लं काढायची असतील तर. आणि कोंबडा पहाटेच्याही आधी आरवतो, एकदा नाही, परत परत, त्यामुळे शेजारी जवळ असतील तर विचार करा. घराच्या आवारात कोंबड्या ठेवायला तुमच्याकडे परवानगी लागते का, किती ठेवता येतात, हेही सामान आणायच्या आधी विचारून घ्या.

मापं साधी आहेत. खुराड्याच्या आत नेहमीच्या आकाराच्या एका कोंबडीला ४ चौरस फूट, आणि बाहेरच्या जाळीच्या अंगणात एकीला निदान १० चौरस फूट. अंगण म्हणजे खुराड्याला जोडून जाळीने बंद केलेली मोकळी जागा. दिवसभर पूर्ण मोकळ्या सोडणार असाल तर अंगण थोडं लहान चालेल, पण आतली जागा कमी करू नका. दाटीवाटी झाली की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, एकदा रक्त दिसलं की बाकीच्या तिथंच टोचत राहतात आणि ही सवय लागली की मोडणं फार अवघड जातं.

पुढचं सगळं मी सहा कोंबड्यांचं गणित धरून लिहितोय. आतली जागा ४ फूट बाय ६ फूट, म्हणजे २४ चौरस फूट, आणि अंगण ६ बाय १०. कमीजास्त करायचं असेल तर याच हिशोबाने करा, फक्त एक लक्षात ठेवा की सहा ठरवणाऱ्यांच्या वर्षभरात दहा होतात. जागा असेल तर आधीच थोडं मोठं बांधा, नंतर वाढवणं म्हणजे अर्धं तोडून परत बांधणं.

जागा कुठली

जोराचा पाऊस थांबला की छत्री न मिटता परसात एक चक्कर मारा. पाणी कुठं साचलंय, कुठून वाहतंय ते दिसेल, ती जागा सोडा. बाकी काहीही जमवता येतं, ओल जमवता येत नाही. ओलीत गादी, म्हणजे तळावर पसरलेला भुसा, कुजते, वास सुटतो, माश्या होतात, पायाला जखमा होतात.

दुपारची सावली मिळाली तर उत्तम. उष्ण भाग असेल तर खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड भिंतींवर पडतं. थंड भाग असेल तर उलट विचार, जास्तीत जास्त ऊन मिळेल अशी बाजू आणि वाऱ्याकडे पाठ. घरापासून इतकं जवळ असावं की रात्री कोंबड्या ओरडल्या तर ऐकू येईल आणि पाण्याची बादली रोज न्यायचा कंटाळा येणार नाही, पण झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको.

एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. जुन्या घराच्या रंग उडालेल्या भिंतीला लागून खुराडं बांधू नका. जुन्या रंगांमध्ये शिसं असायचं, त्याचे पापुद्रे मातीत पडतात, कोंबडी दिवसभर तीच माती टोचते आणि ते शिसं अंड्यात उतरतं. याच कारणाने जुनी रंगवलेली दारं-खिडक्या खुराड्यासाठी वापरायला मी सांगणार नाही, फुकट मिळाली तरी.

सामान आणि जाळीची गोष्ट

लाकूड, लोखंडी अँगल, विटा, जे मिळेल आणि जे तुम्हाला हाताळता येईल त्याने बांधा. पहिल्यांदा करणाऱ्याला लाकूड सोपं, चुकलं तर स्क्रू काढून परत लावता येतं. रेल्वेचे जुने काळपट स्लीपर घेऊ नका, त्यात क्रिओसोट नावाचं विषारी डांबरी रसायन असतं, आणि जुनं हिरवट रसायन मुरवलेलं लाकूड पण नको, त्यात पूर्वी आर्सेनिक वापरायचे.

आता जाळी. इथंच सगळ्यात जास्त लोक फसतात. षटकोनी भोकांची पातळ तारेची जाळी, जिला सगळे कोंबडीजाळी म्हणतात, ती कोंबडीला आत ठेवायला ठीक आहे, बाहेरच्याला बाहेर ठेवायला नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं, भोकातून पंजा आत जातो, आणि दोनचार पावसाळ्यांत गंजली की हाताने सुद्धा तुटते. लागते ती अर्ध्या इंची चौकोनाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली जाळी, १९ गेज जाडीच्या तारेची, गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्त चढवलेली. महाग पडते, मान्य आहे. पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, इथं नको. अर्ध्या इंचातून कोल्हा, मांजर, मुंगूस, घूस कोणी येत नाही. छोटा उंदीर आणि बारीक सापाचं पिल्लू मात्र येऊ शकतं, तो त्रास असेल तर खालच्या दोन फुटांना पाव इंची जाळी लावा.

जाळी लावायची कशी हेही तितकंच महत्त्वाचं. नुसत्या स्टेपलगनच्या पिना मारून थांबू नका, एका झटक्यात रांगच्या रांग निघते. दर ६ इंचांवर रुंद वॉशर घालून स्क्रू मारा किंवा जाळीच्या कडेवर लाकडी रीप ठेवून ती रीपच स्क्रूने आवळा. आणि जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाने लावा, आतून नाही. बाहेरून जनावराने अंग टाकलं की जाळी चौकटीवरच दाबली जाते, आतून लावलेली असेल तर तोच जोर स्क्रू उपटायला लागतो. कापलेल्या तारेची टोकं रीपेखाली जातील असं बघा, नाहीतर कोंबडीच्या तुऱ्याला आणि आपल्या हाताला दोघांनाही लागतात.

सांगाडा

चार कोपऱ्यांना चार खांब. खांब थेट मातीत पुरण्यापेक्षा काँक्रीटच्या ब्लॉकवर किंवा सपाट दगडावर उभे करा, लाकूड मातीला लागलं की कुजतंच. खुराड्याचा तळ जमिनीपासून २ फूट उंच धरा. खाली हवा खेळते, ओल वर येत नाही, घुशींना घर करायला जागा मिळत नाही आणि खालची सावली कोंबड्यांना उन्हात बसायला मिळते. ती खालची जागा पण जाळीत घ्या, २४ चौरस फूट अंगण फुकट वाढलं.

तळाची चौकट जोडली की गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, आहे का बघा. ४ बाय ६ च्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही सारखे यायला हवेत, साधारण ७ फूट अडीच इंच. इथं अर्धा इंच सोडला तर पुढे भिंती बसत नाहीत, पत्रा तिरका दिसतो आणि दार तर कधीच नीट लागत नाही, कोपरा ढकलून कर्ण सारखे करा आणि मगच स्क्रू पक्के करा. खांब ओळंब्यात, तळ लेव्हलमध्ये. एवढं झालं की अर्धं काम झालं असं समजा.

तळाला बाहेरच्या वापराचं वॉटरप्रूफ प्लायवूड टाका, १८ एमएम. त्यावर जमिनीला घालतात तो विनाइल शीटचा एकच अखंड तुकडा, आणि त्याच्या कडा भिंतीवर ४ इंच वर वळवून घ्या. साफ करताना फावड्याने ओढलं की सगळं निघतं, प्लाय भिजत नाही, आणि सांधे झाकले जातात. सांधे झाकण्याचं कारण पुढे कोळ्यांच्या, म्हणजे रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांच्या, भागात कळेल.

भिंती जमिनीवर आडव्या पाडून जोडा आणि मग उभ्या करा, उभ्या खांबांवर एकेक फळी धरून ठोकण्यापेक्षा फार सोपं पडतं. समोरची लांब भिंत ५ फूट उंच, मागची ४ फूट, म्हणजे छपराला १ फुटाचा उतार आपोआप मिळतो.

छप्पर

पत्रा चालतो. चारी बाजूंनी भिंतीच्या बाहेर फूटभर काढा, पागोळ्या भिंतीवर पडता कामा नयेत, आणि पावसाची झड आली तरी वरच्या जाळीतून आत शिंतोडे यायला नकोत. नालीदार पत्र्याला स्क्रू उंचवट्यावर मारा, रबरी वॉशर लावून, खळग्यात मारला तर तिथूनच गळतं. पत्र्याच्या नाळीची टोकं आणि खालची भिंत यांच्यामध्ये जी कमानीसारखी भोकं राहतात ना, ती बुजवायला लोक हमखास विसरतात, सापाला तेवढा रस्ता पुरतो. जाळीची पट्टी दुमडून तिथं घट्ट बसवा.

पत्रा उन्हात तापतो आणि थंडीत त्याला आतून घाम सुटतो. दोन्हीवर उपाय एकच, पत्र्याच्या खाली एक थर हवा, प्लाय किंवा फळ्या. मध्ये थर्माकोल घालायचा असेल तर तो दोन्हीकडून पूर्ण झाकला गेलाच पाहिजे, कारण कोंबड्यांना थर्माकोल टोचून खायला का कोण जाणे फार आवडतं, उघडा दिसला की महिन्याभरात भिंत पोखरतात.

हवा

नवीन लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते थंडीला. मग सगळ्या फटी बुजवतात, वर प्लास्टिक बांधतात, आणि कोंबड्या आजारी पडतात. थंडी कोंबडी सहन करते, अंगभर पिसांचं पांघरूण आहे, शरीराचं तापमान ४१ अंशांच्या वर असतं. तिला सहन होत नाही ती ओल. रात्रभर सहा कोंबड्यांचा श्वास, शिवाय विष्ठेत पाऊण हिस्सा पाणीच असतं, ही सगळी वाफ कुठंतरी जायला हवी. गेली नाही तर तीच तुऱ्यावर बसते आणि कडाक्याच्या थंडीत तुरा काळा पडतो. विष्ठेतून अमोनिया सुटतो तो वेगळाच, डोळे आणि फुप्फुसं खराब करतो.

म्हणून वरच्या बाजूला कायम उघडी राहणारी हवेची जागा ठेवा, एका कोंबडीला १ चौरस फूट असा हिशोब चांगला. आपल्या मापात समोरच्या आणि मागच्या दोन्ही भिंतींच्या अगदी वर ६ इंच रुंद आणि ६ फूट लांब पट्टी उघडी सोडली की प्रत्येकी ३ आणि मिळून ६ चौरस फूट होते. दोन्हीवर वेल्डमेश. समोरची पट्टी उंचावर आहे, गरम दमट हवा तिथून निघते, मागून ताजी येते. महत्त्वाचं इतकंच की ही हवा बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यावरून जावी, अंगावरून नाही. उष्ण भागात याशिवाय खाली एक मोठी जाळीची खिडकी ठेवा, बाहेरून झडप लावून, थंडीत बंद करता येईल अशी. कोंबडीला घाम येत नाही, ३० अंशांच्या पुढे गेलं की चोच उघडून धापा टाकायला लागते, उन्हाळ्यात मर होते ती गरमीने.

तपासायचं कसं? सकाळी दार उघडल्या उघडल्या आत वाका आणि दांडीच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्या. उभं राहून वास घेण्यात अर्थ नाही, त्या त्या उंचीवर झोपतात. नाकात झणझणलं किंवा डोळ्यांत आलं तर हवा कमी पडतेय किंवा घाण जास्त झालीय. काचेवर किंवा पत्र्याला आतून थेंब दिसले तरी तेच.

आणि थंडीसाठी गरम बल्ब लटकवू नका, खाली कोरडा भुसा, आसपास उडणारी धूळ आणि पिसं, अशा खुराड्यांना आगी लागतात. पिसं आलेल्या मोठ्या कोंबडीला त्याची गरज नसते. आठवड्याच्या पिल्लांची गोष्ट वेगळी, त्यांना उब लागते पण त्यांना या खुराड्यात ठेवायचंच नाही.

बसायची दांडी

कोंबडी जमिनीवर झोपत नाही, उंचावर दांडीवर बसून झोपते. साधारण २ इंच रुंदीची लाकडी पट्टी घ्या, वरच्या दोन्ही धारा पॉलिश पेपरने गोल करा, बाकी सपाट. सपाट दांडीवर तिची बोटं पोटाखाली झाकली जातात. लोखंडी पाइप नको, घसरतो आणि तापतो-गारठतो.

एका कोंबडीला ८ ते १० इंच, म्हणजे सहांना ५ फूट, आपल्या ६ फुटी लांबीत एकच दांडी पुरते. मागच्या भिंतीपासून १२ ते १५ इंच लांब, तळापासून २ फूट उंच. दोन दांड्या लावायच्या असतील तर एकाच उंचीवर लावा, एक वर एक खाली केली तर रोज संध्याकाळी वरच्या दांडीवर खिडकीच्या सीटसाठी व्हावीत तशी भांडणं होतात. फार उंच दांडीही नको, रोज तिथून कडक जमिनीवर उडी मारून तळपायाला सूज आणि गाठ येते.

दांडी कायमची ठोकू नका, दोन्ही टोकांना लाकडाच्या खाचा करून त्यात नुसती ठेवा. उचलून बाहेर काढता आली की धुता येते, उन्हात टाकता येते. खाली एक फळी किंवा ट्रे सरकवा, रात्रभर एकाच जागी शिटतात, सकाळी खरवडून घमेल्यात टाकलं की दोन मिनिटांचं काम, गादी कितीतरी दिवस जास्त टिकते.

अंड्यांचे खोके

चार-पाच कोंबड्यांना एक खोका, आपल्याला दोन पुरेत. तुम्ही सहा केलेत तरी सगळ्या एकाच खोक्यासमोर रांग लावणार, बाकीचे रिकामे. आतून १२ बाय १२ बाय १२ इंच, पुढे ४-५ इंचांचा उंबरा म्हणजे पेंढा आणि अंडी बाहेर लोळत नाहीत. जागा जरा अंधारी हवी. खोक्याचा तळ दांडीपेक्षा खाली पाहिजे, आपल्या खुराड्यात तळापासून १ फूट. खोका उंच आणि दांडी खाली झाली तर कोंबड्या रात्री खोक्यातच झोपतात, तिथंच शिटतात आणि मग सकाळी अंडी घाणीने माखलेली.

खोके आखूड भिंतीच्या बाहेर काढले आणि वरून झाकण केलं तर आत न जाता अंडी काढता येतात. सोय आहे, पण पाणी गळतं ते नेमकं इथंच, झाकणाच्या बिजागरीच्या फटीतून. झाकणाला बाहेरच्या दिशेने उतार द्या आणि बिजागरीवरून जुन्या टायर ट्यूबची पट्टी भिंतीला आणि झाकणाला दोन्हीकडे स्क्रू करून टाका. झाकणालाही कडी लावा, साधी नाही, खाली सांगतोय तशी.

दारं आणि कड्या

दोन दारं. एक तुमच्यासाठी, समोरच्या लांब भिंतीत, निदान ३ फूट रुंद, फावडं आत फिरलं पाहिजे आणि सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचला पाहिजे. छोट्या दाराचं खुराडं पहिल्या महिन्यात नीट साफ होतं, नंतर होत नाही, हे अगदी ठरलेलं. दाराच्या तळाशी खाचेत सरकणारी ८ इंची फळी ठेवा म्हणजे दार उघडलं की गादी पायावर पडत नाही, साफ करताना ती उचलायची.

दुसरं कोंबड्यांचं दार, अंगणाच्या बाजूच्या आखूड भिंतीत, १२ इंच रुंद आणि १४ इंच उंच, वर सरकणारं, दोरी ओढून बाहेरूनच उघडता येईल असं. याची खालची कड तळापासून ६ इंच वर ठेवा. तळाला टेकवली तर कोंबड्या उकरून भुसा खाचेत भरतात, दार शेवटचे दोन बोटं खाली जात नाही, संध्याकाळी अंधारात बंद झालंय असं वाटतं आणि खालून उघडंच असतं. बाहेर उतरायला ५ फुटांची फळी लावली की अडीच फूट उंचीला चढ फार तिरका होत नाही, तिच्यावर दर ४-५ इंचांवर आडव्या बारीक रिपा. आपोआप उघडझाप करणारी दारं मिळतात, बाहेरगावी जाणाऱ्यांना कामाची आहेत, पण रात्री एकदा टॉर्च घेऊन डोकी मोजायची सवय त्यामुळे सोडू नका, दार वेळेवर बंद झालं आणि एक बाहेर राहिली असंही होतं.

कडी प्रत्येक दाराला दोन हालचालींची हवी. नुसता हुक कुत्र्याच्या नाकाने उचलला जातो, काही जनावरं तर बोटांनी साधी कडी सरकवतात. कोयंडा आणि त्यात गिर्यारोहणाच्या हुकासारखा स्प्रिंगचा हुक, किंवा बोल्ट आणि त्याला आडवी खिटी. एक वर, एक खाली. दाराचा खालचा कोपरा वाकवून आत घुसता येतं, म्हणून खालची पण लावायची.

अंगण आणि जमिनीखालचा बंदोबस्त

अंगण ६ फूट उंच करा, आपल्याला आत ताठ उभं राहता आलं पाहिजे. वाकून अंगण झाडणारा माणूस ते झाडत नाही. वरूनही बंद हवं, घार, ससाणा, चढणारी मांजरं आहेतच, आणि निदान दाणापाण्याच्या वर पक्कं छप्पर टाका म्हणजे रानपक्ष्यांची विष्ठा खाद्यात पडत नाही, बर्ड फ्लू पसरायची ती एक वाट आहे.

खणून येणाऱ्यांसाठी जाळी खोल पुरायलाच पाहिजे असं नाही. चौकटीच्या तळाला जाळी जोडून बाहेरच्या दिशेने जमिनीवर दीड फूट आडवी पसरा, कडेला दगड ठेवा, वर माती टाका, थोड्या दिवसांत गवत उगवून दिसेनाशी होते. जनावर खणतं ते भिंतीला अगदी चिकटून, तिथं जाळी लागली की बाजूला परत खणतं, परत जाळी. दीड फूट मागे जाऊन तिथून बोगदा काढायचं त्याला सुचत नाही. खुराड्याखालच्या जागेच्या बाहेरच्या कडांना पण हीच पट्टी फिरवून घ्या.

अंगणाच्या कोपऱ्यात छपराखाली कोरडी वाळू, माती आणि लाकडाची राख मिसळून टाका. कोंबड्या त्यात लोळून अंग साफ करतात, उवा-पिसवा कमी राहतात.

गादी, आणि ते कोळी

तळावर ४ ते ६ इंच जाडसर लाकडी भुसा किंवा भाताचं तूस. पिठासारखा बारीक भुसा नको, धूळ उडून श्वासाला त्रास होतो. ओला झालेला भाग लगेच काढायचा, बाकी वरखाली करत राहायचं, पातळ झाली की नवीन टाकायची. काढलेली गादी थेट झाडांना घालू नका, ताजी विष्ठा मुळं जाळते, काही महिने कुजवून मग वापरा.

आता कोळी. लाल माइट म्हणतात तो किडा दिवसा कोंबडीवर नसतोच, लाकडाच्या सांध्यात, दांडीच्या टोकाखाली, खाचेत लपतो आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितो. म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. रात्री पांढरा कागदी रुमाल दांडीच्या खालच्या अंगाने पुसा, लाल डाग आले तर आहेत. रिकाम्या खुराड्यात सुद्धा ते उपाशीपोटी महिनोन्महिने जगतात. बांधतानाच सांधे कमीत कमी ठेवा, जे आहेत ते सीलंटने भरून रंग मारा. कोणाचं जुनं लाकडी खुराडं फुकट मिळत असेल तर घेण्याआधी ही रुमालाची टेस्ट करा.

कोंबड्या आत सोडण्याआधी

एक चुंबक घ्या आणि खुराड्यात, अंगणात, आसपासच्या मातीवर फिरवा. पडलेले स्क्रू, खिळे, तारेचे तुकडे कोंबडी चमकतात म्हणून गिळते. मग दिवसा भर उन्हात आत शिरून सगळी दारं लावून घ्या, जिथून उजेडाची तिरीप येते ती प्रत्येक जागा बघा, करंगळी जाते तिथं काहीतरी लावा. रात्री आत दिवा ठेवून बाहेरूनही एक फेरी मारा, दिवसा न दिसलेल्या दोन-तीन फटी हमखास सापडतात.

दाणा आणि पाणी अंगणात छपराखाली ठेवा, खुराड्यात नको. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण १२० ग्रॅम खाद्य आणि पाव लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात पाणी दुप्पट. रात्री उरलेला दाणा उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, नाहीतर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

नवीन कोंबड्या आल्या की पहिला आठवडाभर त्यांना खुराडं आणि बंद अंगण एवढ्यातच ठेवा, मोकळं सोडू नका. आपलं घर कुठलं हे तेवढ्यात पक्कं होतं. पहिल्या दोन-चार रात्री काही जणी दांडीवर न जाता खाली कोपऱ्यात गोळा होऊन बसतील, अंधार पडल्यावर एकेकीला उचलून दांडीवर ठेवायचं, अंधारात त्या विरोध करत नाहीत. खोक्यात पेंढ्यावर एखादं खोटं अंडं किंवा अंड्याएवढा गुळगुळीत दगड ठेवा, तलंगा, म्हणजे अजून अंडी न दिलेल्या तरण्या कोंबड्या, साधारण १८ ते २२ आठवड्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात आणि पहिलं अंडं कुठं घालायचं हे त्यावरून ठरवतात. आणि खुराड्यातून बाहेर आलात की साबणाने हात धुवा, मुलांचे आधी, धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीकडूनही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू येऊ शकतो.